डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची गोष्ट: पुस्तकाकडे नको, मुलाकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा: दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरिका लिहायला घेतली आहे. नायक दुसरीत असताना गोष्ट सुरू होते आणि तो सातवीत असताना संपते. त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं त्याला फार जड जातं. मग अक्षरं नाचताना दाखवायची का? त्याच्या वहीतल्या चुका जशाच्या तशा छापायच्या का? शेवटी त्याला चित्रकलेचं बक्षीस मिळालं तर चालेल का? आणि ज्याला वाचायचाच त्रास आहे तो मुलगा हे पुस्तक वाचणार कसा?

पहिल्या तीन प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. डिस्लेक्सिया दिसत नाही, म्हणून लेखक तो पानावरच्या अक्षरांत शोधायला जातो. गोष्ट मात्र तिथे फारशी सापडत नाही. वाचन टाळायला, लपवायला आणि कसंबसं निभावून न्यायला तो मुलगा दिवसभर जो खटाटोप करतो, त्यात ती असते. मी मुलांना वाचायला शिकवते आणि मुलांच्या पुस्तकांची हस्तलिखितंही तपासून देते. या विषयावरची जी हस्तलिखितं फसतात, ती बहुतेक याच जागी फसतात. मुलगा पुस्तकासमोर बसलेला असतो आणि लेखक पुस्तकाकडे बघत राहतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या नायकाच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधी पक्क्या करा. माध्यम कोणतं? मराठीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बऱ्यापैकी सरळ आहे. त्यामुळे मराठी माध्यमातला डिस्लेक्सियाचा मुलगा पुढेपुढे बऱ्याचदा शब्द बरोबर वाचतो, पण फार सावकाश आणि दमून वाचतो. तोच मुलगा इंग्रजी माध्यमात असेल तर स्पेलिंगचा गोंधळ पहिली-दुसरीतच डोळ्यावर येतो. म्हणजे मराठी माध्यमातल्या नायकाला ‘आळशी’ हे बिरुद चिकटणार आणि इंग्रजी माध्यमातल्याला ‘ढ’ हे. दोघांच्या गोष्टी वेगळ्या होतात. दुसरं, घरात आणखी कोणाला हा त्रास आहे का? डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यात उतरतो. बँकेतला फॉर्म ‘चष्मा विसरलो’ म्हणून दुसऱ्याकडून भरून घेणारे बाबा तुमच्या गोष्टीत असतील, तर अर्धं कथानक तुमच्या हातात आलंच. मोफत मिळालेलं हे पात्र बहुतेक लेखक वापरतच नाहीत, याचं मला नवल वाटतं.

आता नाचणारी अक्षरं. २००७ साली ‘तारे जमीन पर’ हा सिनेमा आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला, ते चांगलंच झालं. सिनेमाला गोष्ट डोळ्यांना दाखवावी लागते, म्हणून तिथे अक्षरं हलली. पुस्तकाला ती सक्ती नाही. नजरेचा संबंध जोडण्याची सवय जुनी आहे. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका हुशार पण वाचू न शकणाऱ्या मुलाची नोंद छापली, तेव्हा त्या अडचणीला जन्मजात शब्दांधता असंच नाव दिलं होतं. आज आपल्याला कळतं ते असं, की बहुतेक मुलांची अडचण आवाजाशी असते: बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करणं आणि त्यांची अक्षरांशी पटकन, आपोआप जोडी लागणं. ‘कमळ’मधला ‘म’ काढला तर काय उरतं, असं तोंडी विचारलं तरी असा मुलगा अडखळतो. समोर एकही अक्षर नसताना अडखळतो. हा प्रसंग कादंबरीत घ्या. नाचणाऱ्या अक्षरांपेक्षा तो खरा आहे आणि वाचणारं मूल लगेच स्वतः करून बघतं.

उलटी, आरशातली अक्षरंही इंग्रजीतून उसनी आलेली आहेत. तिथे बी आणि डी (b, d) ही आरशातली जोडी आहे, आणि सहा-सात वर्षांपर्यंत बरीच मुलं ती उलटी लिहितात, डिस्लेक्सिया असो वा नसो. देवनागरीत अक्षरांच्या अशा जोड्या जवळजवळ नाहीत. आहे ती आकड्यांत: ३ आणि ६. बेस्टच्या बसच्या पाटीवर मराठी आकडे असतात. मुंबईतला नायक घाईत चुकीच्या बसमध्ये चढला, तर ते पटतं. शिवाय मराठीत आकडे बोलताना एकक आधी येतो. ‘पंचवीस’ ऐकून मूल ५२ लिहितं. एकोणचाळीस आणि एकेचाळीस यांतला फरक तर ऐकतानाच निसटतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्या वादात शिरायची गरज नाही, पण तुमचा नायक त्या सुमारास दुसरीत असेल, तर घरातले मोठे त्यावर तावातावाने बोलतायत आणि हा मनातल्या मनात ‘वीस पाच, ही तर सोपी आहे’ म्हणतोय, एवढं एक पान लिहिता येईल.

मराठीत खऱ्या चुका कुठे होतात, ते सांगते. देवनागरीतली सारखी दिसणारी अक्षरं म्हणजे घ-ध, भ-म, थ-य, ष-प, ब-व, ट-ठ-ढ. सारखी ऐकू येणारी त-थ आणि द-ध. पण अक्षरं तिसरीपर्यंत बहुधा सावरतात. जास्त काळ छळतात ते मात्रा आणि जोडाक्षरं. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. अनुस्वार गळला की ‘आंबा’चा ‘आबा’ होतो. आणि ‘र’ तर चार वेषांत फिरतो: ‘सूर्य’मधला रफार, ‘चक्र’मधला, ‘ट्रक’मधला आणि ‘दऱ्या’मधला. ‘आचार्यांना जेवायला वाढा’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला वाढा’ यांत एका रेघेचा फरक आहे. लग्नघरातल्या यादीत ही गफलत घालून एक मजेदार प्रकरण होऊ शकतं. फक्त हसू प्रसंगाचं येईल आणि मुलाचं होणार नाही, एवढं बघा. त्यासाठी तीच यादी एखाद्या काकांनाही चुकीची वाचू द्या.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर फार विसंबू नका. त्यावरून डिस्लेक्सिया ठरवायचा झाला, तर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत कोणीच सुटणार नाही. खुणेच्या चुका वेगळ्या असतात. अक्षरांची अदलाबदल (‘करवत’चं ‘कवरत’), अक्षर गाळणं, रफार भलत्याच डोक्यावर देणं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एकच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिणं. ‘विद्यार्थी’ पहिल्या ओळीत ‘विदयाथी’, चौथीत ‘विध्यार्ती’ आणि शेवटी चक्क बरोबर. त्या शेवटच्या बरोबर शब्दामुळेच तर बाई चिडतात: ‘बघ, येतंय की तुला!’ या एका वाक्यात मुलाची किती वर्षं जातात, ते दाखवा.

वाचतानाची चूक आणखी वेगळी. मूल पहिलं अक्षर बघतं आणि बाकीचा शब्द अंदाजाने म्हणतं. ‘पाऊल’ असेल तिथे ‘पाऊस’. लहान शब्द गाळले जातात, आणि गाळलेला शब्द ‘नाही’ असला तर वाक्याचा अर्थच उलटतो. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात असं झालं, की ज्याला गणित येतं तोही नापास होतो. बोलतानासुद्धा आवाजाने जवळचे शब्द अदलाबदल होतात, ‘परिणाम’ आणि ‘परिमाण’, ‘प्रमाण’ आणि ‘प्रणाम’. कादंबरीभर असे दोन-तीनच वापरा. जास्त झाले की नायक विनोदी नट होतो.

तर चुका छापायच्या का? छापा, पण पूर्ण पुस्तकात मिळून पाच-सहा ओळींपेक्षा जास्त नको. एक तर डिस्लेक्सियाचा वाचक चुकीच्या लेखनावर अडकून पडतो. चूक छापलेली आहे की आपलं वाचणं चुकतंय, हे त्याला ठरवता येत नाही. दुसरं, इतर मुलं त्या ओळी वर्गात मोठ्याने वाचून दाखवतात. हाताने लिहिलेल्या वहीचं चित्र म्हणून त्या ओळी घातल्या, तर दोन्ही अडचणी टळतात.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे खटाटोप. वाचता येत नसलेलं मूल हे वर्गातलं सगळ्यांत चौकस मूल असतं. एकेकाने उभं राहून एकेक परिच्छेद वाचायचा असेल, तर हा आपल्यापुढची डोकी मोजतो, आपला परिच्छेद हेरतो आणि तेवढाच मनात घोकत बसतो. त्यामुळे मधला धडा त्याच्या कानावरूनही जात नाही. मग एक मुलगी गैरहजर निघते, हिशेब एका परिच्छेदाने सरकतो आणि सगळं कोसळतं. हा प्रसंग लिहिलात तर पहिलं प्रकरण तिथेच तयार आहे. पाणी प्यायला जाणं, नेमक्या वेळी टोक मोडणं, वही घरी विसरणं, मुद्दाम गिचमिड अक्षर काढणं म्हणजे वेलांटी पहिली की दुसरी ते कोणाला कळू नये, चांगलं वाचणाऱ्याशेजारची जागा पटकावणं, धडा ऐकून पाठ करणं आणि पुस्तकावरून बोट फिरवत तो म्हणणं. पण बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या. परिपाठात बातम्या किंवा दिनविशेष वाचायची पाळी आली की त्या दिवशी सकाळी पोटात दुखणं, आणि ते खरंच दुखत असतं. बाराखडी तो सुरात म्हणून दाखवतो, पण मधल्याच ‘कै’वर बोट ठेवलं की ‘क, का, कि, की’ असं पुटपुटत तिथवर यावं लागतं.

या युक्त्या यत्तेनुसार बदलतात, आणि तुमची गोष्ट दुसरी ते सातवी जाते, म्हणून हे फायद्याचं आहे. दुसरीत जोडाक्षरं येतात तेव्हा तो मागे पडतो. तिसरी-चौथीत धडे लांबतात आणि पाठांतराची शक्ती अपुरी पडायला लागते. खरा घाव पाचवीत. आपल्याकडे अनेक प्राथमिक शाळा चौथीलाच संपतात आणि मूल मोठ्या शाळेत जातं. प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, फळ्यावरून भराभर उतरवून घ्यायचं, आणि ज्या मित्राची वही बघायची सोय होती तो दुसऱ्या तुकडीत. चार वर्षं जमवलेली सगळी यंत्रणा एका जूनमध्ये मोडते. कथानकाचा मध्य शोधत असाल तर तो इथे आहे. याच काळात धाकटी बहीण पहिलीत येते आणि त्याच्याआधी वाचायला लागते.

निदानाचा प्रसंग एका संध्याकाळीत उरकू नका. बाईंना शंका येते, डॉक्टर नाव सांगतात, आई रडते, झालं, असं घडत नाही. आधी डोळे आणि कान तपासतात. मग बुद्धिमापन चाचणी, मग वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या. बऱ्याच खेपा होतात. परीक्षेत सवलती मिळवून देणारं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतरच मिळतं, कारण त्याआधी वाचन मुळात घडतच असतं. म्हणजे दुसरीतल्या सात वर्षांच्या नायकाला कोणी ते हातात ठेवलं, तर जाणकार वाचक पुस्तक मिटेल. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळं केंद्र आहे. तालुक्याच्या गावातल्या मुलाला मात्र मोठं शहर गाठावं लागतं आणि वडिलांची रोजंदारी बुडते, ते लिहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आली आहे, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. घरात आणि शाळेत मात्र कोणी एवढं लांब बोलत नाही, ‘त्याला एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) आहे’ असंच म्हणतात. संवादात तेच ठेवा. दिव्यांग हा शब्द पहिल्यांदा ऐकल्यावर आजी काय म्हणेल, याचाही विचार करा.

दहावीला जादा वेळ मिळतो (सर्वसाधारण नियम तासाला किमान वीस मिनिटांचा आहे), रायटर, म्हणजे उत्तरं लिहून देणारा मदतनीस, घेता येतो आणि शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष होतं. तुमची गोष्ट सातवीत संपते, त्यामुळे बोर्डाचं काही येणार नाही. सातवीची परीक्षा शाळेची, आणि सवलत प्रत्यक्षात बरीचशी शाळेच्या समजुतीवर. मोठा चुलतभाऊ दहावीला असेल तर त्याच्याकडून हे दाखवता येईल. रायटर साधारण खालच्या यत्तेतला असतो. एका वेगळ्या खोलीत त्या अनोळखी मुलाला उत्तर तोंडी सांगायचं, हेही सराव केल्याशिवाय जमत नाही.

शिकवण्याचे प्रसंग लिहिणार असाल तर नेमके लिहा. आठवड्यातून दोन-तीनदा पाऊण तास, आणि तेही महिनोन् महिने. कधीकधी वर्षं. सुरुवातीला झालेल्या अक्षरांची उजळणी, मग एकच नवी गोष्ट, मग फक्त शिकवून झालेल्या अक्षरांतूनच जमवलेले शब्द आणि वाक्यं वाचणं, शेवटी तसंच छोटं श्रुतलेखन. वाळूत किंवा खरखरीत कागदावर बोटाने अक्षर गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. आपली जुनी ‘ग म भ न’ ही मांडणी हाताच्या वळणासाठी छान आहे, पण अशा मुलाला ‘म’ आणि ‘भ’ एकापाठोपाठ शिकवत नाहीत. ‘म’ पक्का बसू देतात, मध्ये बराच काळ जाऊ देतात आणि मग ‘भ’ आणतात. असा एक तपशील पानभर सहानुभूतीपेक्षा जास्त काम करतो. आणि कृपा करून एकाच जादूगार सरांच्या हाती सगळं देऊ नका. वर्गातल्या त्रासलेल्या बाईंनाही खलनायिका करू नका. साठ वह्या तपासायच्या असतील तर एका वहीतला ‘विध्यार्ती’ निसटणारच.

शेवटाबद्दल. चित्रकलेचं बक्षीस नको. चित्रं काढता येत नाहीत असं नाही, पण डिस्लेक्सियाची भरपाई म्हणून निसर्गाने काही दिलेलंच असतं, हा समज ज्या मुलांना काहीच खास येत नाही त्यांच्यावर दुसरा अन्याय करतो. अचानक घडाघडा वाचायला लागणं त्याहून वाईट. सातवीतला असा मुलगा, मदत मिळालेला असला तर, समजून वाचतो पण सावकाश वाचतो, लिहिताना चुकतो आणि दिवसाच्या शेवटी थकतो. मग चढती जागा कोणती? माझ्या मते ज्या क्षणी तो लपवणं सोडून मागतो तो क्षण. ‘सर, उद्या मला वाचायला लावणार असाल तर आजच परिच्छेद सांगाल का? मी घरी तयार करून येतो.’ दुसरीपासून डोकी मोजत आलेल्या मुलाने हे सगळ्यांसमोर म्हणणं ही मोठी गोष्ट आहे. सर हो म्हणतात की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही म्हणाले तरी गोष्ट पडत नाही.

निवेदन प्रथमपुरुषी हवं असेल, तर आणखी एक अडचण येते: ज्याला लिहिता येत नाही त्याचं हे लिहिलं कोणी? त्याने फोनवर रेकॉर्ड केलं आणि आत्याने उतरवलं, अशी सोय पहिल्या पानावरच करा. बोलीतली मराठी आपोआप येईल आणि शब्दसंपत्तीची शंकाही राहणार नाही. ज्या मुलाला घरात भरपूर वाचून दाखवलं जातं, त्याचे बोलण्यातले शब्द श्रीमंत असू शकतात.

आता चौथा प्रश्न, म्हणजे तो स्वतः हे वाचेल कसा. इथे प्रकाशकाशी भांडावं लागेल. टाइप किमान १४ पॉइंट, शक्यतो १६. ओळींमध्ये दीडपट अंतर. मजकूर डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळा सोडा. दोन्हीकडून ताणला की मराठीतल्या लांब शब्दांमुळे ओळीत खिंडारं पडतात आणि नजर तिथून खालच्या ओळीत घसरते. शब्द ओळीच्या शेवटी तोडायचे नाहीत. कागद मळकट पांढरा, न चमकणारा आणि मागचं न दिसण्याइतका जाड. ल आणि श मराठी वळणाचे असलेला टाइप निवडा, कारण मुलांनी पाठ्यपुस्तकात तेच पाहिलेले असतात. ‘द्ध’, ‘द्व’, ‘द्य’ कसे उमटतात ते आधी छापून बघा. डिस्लेक्सियासाठी म्हणून रोमन लिपीत जे खास टाइप निघाले, त्यांच्या अक्षरांच्या आकाराने वाचन सुधारतं असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. मोकळ्या जागेचा उपयोग जास्त होतो.

प्रकरणं आठशे ते हजार शब्दांची ठेवा आणि प्रत्येक प्रकरण एका बैठकीत संपू द्या. नायकाचं नाव सोपं असावं. वाचकाला ते शेकडो वेळा वाचायचं आहे, तिथे ‘प्रद्युम्न’ नको, ‘समीर’ चालेल. जोडाक्षरं टाळून भाषा पांगळी करू नका, पण अवघड शब्द आधी एखाद्या संवादात तोंडी येऊ द्या, मग निवेदनात. वाक्यं सगळीच आखूड केली की मजकूर तुटक होतो आणि समजायला उलट जड जातो. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तरी’ हे दुवे ठेवा. सोबत ध्वनिमुद्रण असेल तर पुस्तकात क्यूआर कोड द्या, पण ते अभिनय करकरून वाचलेलं नसावं. मुलाला कानाने ऐकत बोट ओळीवर फिरवता यावं, एवढ्या बेताचा वेग हवा.

छापायला देण्याआधी हस्तलिखित दोन प्रकारे तपासा. एकदा चौथी-पाचवीच्या मुलांना वाचून दाखवा आणि ती कुठे चुळबुळतात तिथे खूण करा. नंतर असा त्रास असलेल्या एक-दोन मुलांना एकेक पान स्वतः वाचायला द्या, पण मोठ्याने नाही. कुठली ओळ परत वाचावी लागली, एवढंच विचारा. आणि मुखपृष्ठावर ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घेऊ नका. तो मलपृष्ठावर, पालकांसाठीच्या दोन ओळींत पुरे. जे पुस्तक हातात धरलं की वर्गाला आपलं गुपित कळेल, ते पुस्तक हा मुलगा ग्रंथालयातून घेणार नाही.